पाप दोघांचं, प्रायश्चित्त तिचं: टीन थ्रिलरमधला दुहेरी न्याय

‘क्रूएल इंटेन्शन्स’ या १९९९ सालच्या अमेरिकन सिनेमाचा शेवट आधीच सांगून टाकते, कारण मला जे म्हणायचंय ते त्या शेवटातच आहे. मॅनहॅटनमधल्या गर्भश्रीमंत घरातली दोन सावत्र भावंडं, कॅथरीन आणि सेबॅस्टियन. दोघंही शाळेत शिकतायत, दोघंही हुशार, आणि दोघांचा छंद एकच: इतरांच्या आयुष्याशी खेळणं. शेवटी सेबॅस्टियन आपल्या प्रेयसीला, अ‍ॅनेटला, वाचवायला जातो आणि टॅक्सीच्या धडकेत मरतो. शाळेत शोकसभा भरते. कॅथरीन भाषण करत असते आणि समोरची मुलं एकेक करून उठून बाहेर जायला लागतात. ती बाहेर येऊन बघते तर सगळ्यांच्या हातात सेबॅस्टियनच्या डायरीच्या प्रती, आणि त्यात तिची सगळी कारस्थानं. तिच्या गळ्यातला क्रूस हेडमास्तर उघडतात, आतून कोकेन निघतं. तिकडे अ‍ॅनेट सेबॅस्टियनच्या जुन्या जॅग्वारमधून, शेजारच्या सीटवर त्याची डायरी ठेवून, शहराबाहेर निघालेली असते.

बघणाऱ्याला हायसं वाटतं. खलनायिकेची फजिती झाली, मुलगा सुधारून मेला. आता त्या मुलाने आधी काय काय केलंय ते आठवून बघा. सिनेमाच्या सुरुवातीलाच त्याने त्याच्या समुपदेशक बाईंच्या मुलीचे खाजगी फोटो इंटरनेटवर टाकलेत, केवळ बाईंचा सूड म्हणून. मधल्या भागात तो सेसिल नावाच्या भोळ्या मुलीला घरी बोलावतो, दारू पाजतो, आणि तिच्या ‘नको’ला जुमानत नाही. त्या डायरीत त्याने फसवलेल्या मुलींचे फोटो आणि त्याखाली शेरे आहेत. असा मुलगा शेवटी एक चांगली गोष्ट करतो आणि सिनेमा त्याचं सगळं खातं माफ करून टाकतो. ज्या डायरीने त्याची लाज जायला हवी, तीच डायरी एखाद्या पोथीसारखी जपली जाते. कॅथरीनच्या वाट्याला मात्र एकही चांगला क्षण लेखकाने ठेवलेला नाही.

मी पुण्यात माध्यमांचा अभ्यास करते. यंदा प्रोजेक्टसाठी टीन थ्रिलर हा विषय घेतला, म्हणजे शाळा-कॉलेजातली मुलं, एक गुपित किंवा एक खून, आणि शेवटी उलगडा असा सिनेमा किंवा मालिका. ओटीटीमुळे आमच्या पिढीने हा प्रकार भरपूर पाहिलाय. पण त्यात मुलगा आणि मुलगी यांना लावलेली मापं वेगळी कशी असतात, हे चटकन लक्षात येत नाही. कथा वेगाने पुढे जात असते, आपण खुनी शोधण्यात गुंतलेलो असतो. म्हणून ही यंत्रणा चालते कशी, ते जरा सावकाश उलगडून सांगावंसं वाटतं.

दुहेरी न्याय म्हणजे काय हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. मुलगा रात्री अकराला घरी आला तर “जेवलास का?” आणि मुलगी आली तर “कुठे होतीस? कोणाबरोबर?” कृती तीच, तिची किंमत माणूस बघून ठरते. थ्रिलरच्या बाबतीत एक जास्तीची गोष्ट लक्षात घ्यावी लागते. विनोदी सिनेमा किंवा प्रेमकथा काही धागे सोडून देऊ शकते. थ्रिलरला तसं करता येत नाही. कोण मेलं, कोण वाचलं, दोष कुणाचा निघाला आणि माफी कुणाला मिळाली, हे शेवटी सांगावंच लागतं. म्हणजे प्रत्येक थ्रिलर हा एक निकाल असतो. लेखकाने एकही उपदेशाचं वाक्य लिहिलं नाही तरी तो निकाल आपल्या मनात उतरतो.

कॅथरीनबद्दल आणखी एक गोष्ट मला फार बोचते. हा दुहेरी न्याय तिला स्वतःला पुरता कळलेला आहे. सेबॅस्टियनसारख्या मुलांनी वाटेल ते केलं तरी चालतं, आणि मी तेच केलं की मला सोडून एखाद्या साध्याभोळ्या मुलीमागे जातात, अशी तक्रार ती सिनेमात स्वच्छ शब्दांत करते. तिचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. पण ते खरं बोलणं लेखकाने खलनायिकेच्या तोंडी घातलंय. त्यामुळे प्रेक्षक तिच्याबरोबर क्षणभर “बरोबर आहे” म्हणतो आणि शेवटी तिची फजिती झाली की त्या वाक्याचीही किंमत उतरते. टीन थ्रिलर बघताना हा प्रकार वारंवार भेटतो. मुलींवरच्या अन्यायाबद्दल सगळ्यात धारदार बोलणारी मुलगी ही कथेतली सगळ्यात वाईट मुलगी असते.

ही रचना १९९९ ची नाही, दोनशेहून अधिक वर्षं जुनी आहे. तो सिनेमा १७८२ साली फ्रान्समध्ये आलेल्या एका कादंबरीवर बेतलेला. पिएर शोदेर्लो द लाक्लो हा तोफखान्यातला अधिकारी. त्याने १७५ पत्रांमधून ही गोष्ट सांगितली. कॅथरीनच्या जागी तिथे मेर्तेय नावाची तरुण विधवा सरदारीण आहे आणि सेबॅस्टियनच्या जागी व्हाल्मों हा उमराव. व्हाल्मोंच्या भानगडी साऱ्या पॅरिसला ठाऊक आहेत. सेसिलची आई एका पत्रात आपल्या मैत्रिणीला त्याच्यापासून सावध करते, आणि त्याच पत्रात कबूल करते की तो माझ्याही घरी येतो, सगळीकडेच त्याचं स्वागत होतं. समाज ज्या हजार विसंगतींवर चालतो त्यातली ही आणखी एक. मेर्तेयला मात्र दिवसरात्र सोज्वळपणाचा मुखवटा सांभाळावा लागतो. एक्याऐंशीव्या पत्रात ती सांगते की मुलगी असतानाच तिने चेहऱ्यावर ताबा मिळवण्याचा सराव केला, मुद्दाम स्वतःला इजा करून घ्यायची आणि त्या वेळी चेहरा आनंदी ठेवायचा. आपण आपल्या स्त्रीजातीचा सूड घ्यायला आणि पुरुषांवर हुकूमत गाजवायला जन्मलो, असंही ती त्याच पत्रात लिहिते.

कादंबरीच्या शेवटी व्हाल्मों द्वंद्वयुद्धात मरतो आणि मरताना पत्रं उघड करतो, म्हणजे त्याच्या मरणाला थोडी इज्जत मिळते. मेर्तेय नाटकगृहात जाते तेव्हा सगळे तिच्यापासून दूर सरकतात. त्याच संध्याकाळी, त्याच नाटकगृहात प्रेव्हां नावाच्या माणसाचं कौतुक होतं. हा प्रेव्हां कोण? तीन मैत्रिणींना एकाच वेळी फसवून त्यांची बेअब्रू केल्याबद्दल प्रसिद्ध असलेला, आणि मेर्तेयलाही नादी लावण्याच्या बेतात असलेला माणूस. तिने त्याच्यावर डाव उलटवला म्हणून आता तो बिचारा ठरतो. एवढ्यावर भागत नाही. मेर्तेयला देवी येतात, एक डोळा जातो, चेहरा विद्रूप होतो, आणि तिचा आत्मा आता चेहऱ्यावर आला असं लोक बोलतात. लाक्लोला हा सगळा ढोंगीपणा दाखवायचा होता की तोही त्यात सामील होता, यावर अभ्यासक अजून वाद घालतात. मला वाटतं तो दाखवत होता, नाहीतर प्रेव्हांला त्याच संध्याकाळी टाळ्या मिळवून देण्याची गरज नव्हती. १९९९ च्या सिनेमाने शिक्षा तेवढी उचलली आणि प्रेव्हां गाळून टाकला. त्याबरोबर समाजावरची टीकाही गळून पडली.

मधल्या काळात अमेरिकन सिनेमावर नियमावली होती. १९३४ पासून ती कडकपणे लागू झाली आणि १९६८ मध्ये वयोगटानुसार प्रमाणपत्रं आल्यावर संपली. पडद्यावर पाप दाखवलं तर त्याची शिक्षाही दाखवा, असा तिचा रोख होता. नियम कागदावरून गेला, पण पटकथेची सवय गेली नाही.

आता सुऱ्यांच्या सिनेमाकडे येऊ. १९७८ चा ‘हॅलोवीन’ सुमारे तीन लाख डॉलरमध्ये तयार झाला आणि त्याने कित्येक पटींनी कमावले. मुखवटा घातलेला एक खुनी गावातल्या तरुण मुलींच्या मागे लागतो, एवढीच गोष्ट. त्यात अ‍ॅनी नावाची मुलगी शेजारच्यांची छोटी मुलगी सांभाळायला गेलेली असते. तिचा मित्र पॉल फोन करतो, घरचे बाहेर गेलेत, मला न्यायला ये म्हणतो. अ‍ॅनी गाडी काढायला जाते आणि गाडीतच मारली जाते. पॉल पडद्यावर एकदाही दिसत नाही. बोलावणारा तो, मरणारी ती, आणि तो बहुधा घरी टीव्ही बघत बसलेला. पुढे लिंडा आणि बॉब हे जोडपंही मारलं जातं. शेवटी उरते लॉरी. तिला मित्र नाही, हातात पुस्तकं असतात, आणि ती सारखी खिडकीबाहेर लक्ष ठेवून असते. विणकामाची सुई, तारेचा हँगर, खुन्याच्याच हातचा सुरा, जे मिळेल ते घेऊन ती लढते.

या शेवटच्या मुलीला अभ्यासात ‘फायनल गर्ल’ म्हणतात. ही संज्ञा कॅरल क्लोव्हर यांनी १९८७ च्या एका निबंधात मांडली. त्या बर्कली इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या, आणि मूळ अभ्यास कशाचा, तर मध्ययुगीन आइसलँडच्या सागांचा. सूड, रक्तपात आणि पिढ्यानपिढ्यांची वैरं असलेलं ते वाङ्मय वाचणाऱ्या बाईला स्वस्तातल्या भयपटांत तितकंच गंभीर काहीतरी दिसलं, हे मला फार आवडतं. त्यांचा मुद्दा दुहेरी होता. एकीकडे, वाचणारी मुलगी ही बाकीच्यांपेक्षा वेगळी काढलेली असते: सावध, व्यवहारी, मुलांपासून लांब, पुष्कळदा नावही मुलाचं वाटेल असं. दुसरीकडे, थिएटरात बसलेले बहुसंख्य तरुण मुलगे शेवटचा अर्धा तास याच मुलीच्या डोळ्यांनी गोष्ट बघतात, तिच्याबरोबर घाबरतात आणि तिच्याबरोबर जिंकतात. म्हणजे हा प्रकार निव्वळ स्त्रीद्वेष्टा म्हणून मोडीत काढता येत नाही. माझंही तेच मत आहे. मुलीच्या हातात सुरा देणारा आणि तिला शेवटपर्यंत जिवंत ठेवणारा सिनेमाप्रकार तेव्हा दुसरा फारसा नव्हताच.

दिग्दर्शक जॉन कार्पेंटर यांनी पुढे अनेकदा सांगितलं की असा काही धडा द्यायचा हेतू नव्हता. बाकीची मुलं आपल्यात गुंग होती म्हणून त्यांना धोका दिसला नाही, लॉरी एकटी होती म्हणून तिला दिसला. मला हे पटतं. लॉरी काही संत नाही, मैत्रिणीच्या गाडीत तीही चोरून झुरका मारते. पण तो सिनेमा चालला, आणि पुढच्या चार-पाच वर्षांत त्याच्या नकलांचा पूर आला. नक्कल करणारे हेतू उचलत नाहीत, साचा उचलतात. कमी पैशात, अनोळखी नटांना घेऊन, ठरावीक क्रमाने माणसं मारायची असतील तर आधी कुणाला मारायचं याचा नियम लागतो, आणि मोकळी वागणारी मुलगी हा सगळ्यात आयता नियम होता. कारण तो प्रेक्षकांच्या मनात आधीपासून होता.

संशोधकांनी हे सिनेमे मोजून पाहिले तेव्हा निघालेली उत्तरं आपल्या समजापेक्षा गुंतागुंतीची आहेत. ग्लोरिया कोवन आणि मार्गारेट ओब्रायन यांनी १९९० मध्ये ५६ सिनेमांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बायकाच जास्त मरतात हा समज त्यात टिकला नाही. उलट हल्ला झालेल्यांपैकी मुली वाचण्याचं प्रमाण मुलांपेक्षा जास्त निघालं. फरक होता तो मरणाच्या कारणात. मेलेल्या मुली या वाचलेल्या मुलींपेक्षा कपड्यांनी, बोलण्याने, वागण्याने जास्त ‘मोकळ्या’ रंगवलेल्या होत्या. मेलेले मुलगे मात्र उद्धट, आपमतलबी, हुकूम सोडणारे होते. म्हणजे मुलाचा दोष त्याच्या स्वभावात आणि मुलीचा तिच्या चारित्र्यात. अँड्र्यू वेल्श यांनी २०१० मध्ये १९६० ते २००९ मधले ५० सिनेमे तपासले. शारीरिक जवळीक दाखवलेल्या मुलींची जगण्याची शक्यता कमी होती, आणि त्यांच्या मृत्यूची दृश्यं जास्त लांब होती. बॅरी सापोल्स्की आणि फ्रेड मॉलिटर यांनी भीतीची दृश्यं मोजली. घाबरलेली बाई पडद्यावर घाबरलेल्या पुरुषापेक्षा कितीतरी जास्त वेळ दिसते.

मला या आकड्यांतलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते वेळेचं मोजमाप. किती मुली मेल्या हे आपण मोजू शकतो. पण कॅमेरा कुणाच्या किंकाळीवर रेंगाळतो आणि कुणाच्या मरणावरून भुर्रकन पुढे जातो, हे सिनेमा चालू असताना जाणवतही नाही. घड्याळ लावून पाहा एकदा. मी प्रोजेक्टसाठी लावलं होतं, आणि मोबाइलचं स्टॉपवॉच हातात धरून बसलं की तोच सिनेमा वेगळा दिसायला लागतो.

मग आला १९९६ चा ‘स्क्रीम’. लेखक केव्हिन विल्यमसन, दिग्दर्शक वेस क्रेव्हन. यातल्या मुलांनी हे सगळे सिनेमे आधीच पाहिलेले आहेत. भयपटात वाचायचं असेल तर शारीरिक संबंध नको, दारू-अंमली पदार्थ नको, आणि “आलोच हं” म्हणून बाहेर जायचं नाही, असे नियम त्यातला एक मुलगा पार्टीत मोठ्याने वाचून दाखवल्यासारखे सांगतो. नायिका सिडनी त्याच रात्री पहिला नियम मोडते, आणि तरी वाचते. १९९६ च्या प्रेक्षकांसाठी ही मोठी गोष्ट होती. सिनेमाने सुमारे दीड कोटी डॉलर खर्चात जगभरात सतरा कोटींहून जास्त कमावले आणि पुढच्या चार वर्षांत टीन थ्रिलरची लाटच आली.

सिडनी सुटली. पण तिच्या आईचं काय? इथे मला थांबावंसं वाटतं, कारण या सिनेमाबद्दल बोलताना लोक नियमांबद्दल बोलतात आणि मॉरीनबद्दल गप्प राहतात. गोष्ट सुरू होण्याच्या एक वर्ष आधी सिडनीच्या आईवर, मॉरीनवर, बलात्कार करून तिचा खून झालेला असतो. सिडनी शाळेच्या स्वच्छतागृहात असताना बाहेर दोन मुली केस नीट करता करता बोलतात: तिची आई तसलीच होती, हीसुद्धा आईवरच गेली असेल. सिडनी आतून सगळं ऐकते. वर्षभरापूर्वी मारली गेलेली बाई गावाच्या बोलण्यात अजून आरोपीच आहे.

शेवटी उलगडा होतो. खुनी निघतो सिडनीचाच मित्र, बिली. कारण? मॉरीनचे त्याच्या वडिलांशी संबंध होते, म्हणून त्याची आई घर सोडून गेली. आता मोजा. संबंध दोघांचे. मॉरीनला त्याने मारलं. मॉरीनच्या नवऱ्याला, ज्याची खरं तर फसवणूक झाली, त्याला बांधून ठेवलं आणि सगळे खून त्याच्या गळ्यात घालायचा बेत केला. मॉरीनच्या मुलीच्या जिवावर उठला. आणि स्वतःच्या वडिलांना? काहीच नाही. हँक लूमिस पोलीस ठाण्यात मुलाच्या बाजूला सुखरूप बसलेला आपल्याला दिसतो. घर त्याने मोडलं, पण मुलाच्या डोक्यातल्या कोर्टात तो साक्षीदारही नाही.

बिली हा खुनी आहे, वेडा आहे, सिनेमा त्याची बाजू घेत नाही, असं कुणी म्हणेल. खरं आहे. पण ही विचारसरणी वेडेपणाची खूण म्हणून दाखवलेलीच नाही. वेडेपणा खून करण्यात आहे. ‘दोष बाईचा’ हा भाग सगळ्यांनी जणू मान्यच केलाय. शेवटच्या लांबलचक स्वयंपाकघरातल्या प्रसंगात “मग तुझ्या बापाचं काय?” असं त्याला कुणी विचारत नाही. दुसऱ्या भागात खुनी निघते बिलीची आई, आणि तिला मुलाच्या मरणाचा सूड सिडनीवर घ्यायचा असतो. २००० साली आलेल्या तिसऱ्या भागात कळतं की मॉरीन तरुणपणी हॉलिवूडमध्ये नशीब काढायला गेली होती आणि एका निर्मात्याच्या पार्टीत तिच्यावर अत्याचार झाले होते. त्या निर्मात्यालाही शेवटी मारलं जातं, हे खरं. तरी या भागातला खुनीही मॉरीनचाच टाकलेला मुलगा, आणि त्याची मुख्य तक्रारही तीच: आईने मला नाकारलं. तीन सिनेमे, आणि त्यातलं सगळं वैर एकाच मेलेल्या बाईपासून सुरू होतं.

आपल्याकडच्या बातम्यांखाली लोक काय लिहितात ते आठवलं की मॉरीनची गोष्ट अमेरिकेतली राहत नाही. एवढ्या रात्री तिथे काय करत होती, घरच्यांना सांगून गेली होती का, मुलगा कोणत्या समाजाचा. आमच्या होस्टेलवर एकदा आम्ही सगळ्या मिळून एक मालिका बघत होतो. पहिल्याच भागात पार्टीत नाचणारी मुलगी आली आणि मागून कुणीतरी म्हणालं, “ही गेली बघ.” कुणाला आश्चर्य वाटलं नाही. ती खरंच मेली. असा अंदाज बांधता येणं हा त्या मुलीचा दोष नाही, आमचाही नाही. इतक्या गोष्टींनी तो आमच्यात भरलाय की तो अनुभवासारखा वाटतो.

हा दुहेरी न्याय मुलांनाही सोडत नाही, आणि हे बोललं नाही तर विषय अर्धाच राहील. ‘रिव्हरडेल’ ही मालिका जानेवारी २०१७ मध्ये सुरू झाली. आर्ची कॉमिक्स आपल्याकडे लायब्ररीतून आणि स्टेशनवरच्या स्टॉलवरून पिढ्यानपिढ्या वाचली गेली. त्यातल्या पांढऱ्या केसांच्या ग्रंडी बाई आठवत असतील. मालिकेत त्या तरुण संगीतशिक्षिका आहेत आणि शाळकरी आर्चीशी त्यांचे संबंध आहेत. सुरुवातीला हे सगळं गाडीतल्या रोमान्ससारखं रंगवलंय, मंद प्रकाश, गाणं वगैरे. मुलाच्या जागी पंधरा-सोळा वर्षांची मुलगी आणि बाईंच्या जागी मास्तर असते तर? हेच दृश्य बघताना आपण खुर्चीत सरसावून बसलो असतो. उघड झाल्यावर बाई गाव सोडून जातात, पोलिसांत तक्रार होत नाही, आणि दुसऱ्या सीझनच्या सुरुवातीला त्यांचा खून होतो. म्हणजे बाईंना शिक्षा मिळते, पण आर्चीवर अन्याय झाला होता हे नीट कुणी म्हणतच नाही. भारतात २०१२ चा पॉक्सो कायदा अठरा वर्षांखालच्या मुलगा-मुलगी दोघांनाही सारखंच संरक्षण देतो. कायद्याला जे दिसलं ते अजून पटकथांना दिसत नाही, कारण मुलगा म्हणजे नशीबवान, त्याला कसला त्रास, असं गृहीत धरलेलं असतं. भीतीच्या बाबतीतही तेच. मुलगी दहा मिनिटं ओरडू शकते. मुलगा घाबरला तर हशा पिकतो, म्हणून त्याला झटपट मारून मोकळे होतात.

“बाई लेखिका-दिग्दर्शिका आली की प्रश्न सुटेल” असंही सोपं नाही. २००९ चा ‘जेनिफर्स बॉडी’ डियाब्लो कोडी यांनी लिहिला आणि कॅरिन कुसामा यांनी दिग्दर्शित केला. प्रसिद्धीसाठी हपापलेला मुलांचा एक बँड शाळेतल्या मुलीचा बळी देतो. विधीला कुमारिका हवी असते, जेनिफर तशी नसते, आणि म्हणून ती मरत नाही, राक्षसीण होऊन परत येते. जुन्या नियमाची इतकी स्वच्छ उलटापालट क्वचितच कुणी केली असेल: ज्या गोष्टीसाठी मुलगी मरायची, त्याच गोष्टीमुळे ती उठते. दोषही ज्याचा त्याच्या पदरात पडतो, कारण शेवटी जेनिफरची मैत्रीण त्या बँडला गाठते. पण प्रसिद्धी करणाऱ्यांनी हा सिनेमा मेगन फॉक्सला बघायला येणाऱ्या तरुण मुलांसाठी म्हणून विकला. ते आले, त्यांना हवं ते मिळालं नाही, आणि ज्या मुलींसाठी तो होता त्यांच्यापर्यंत तो पोचलाच नाही. तो पडला. २०१७ नंतर, ‘मी टू’च्या काळात, लोकांनी तो पुन्हा शोधून काढला.

सध्या आमच्या वर्गातला एक मित्र शॉर्टफिल्म लिहितोय. कॉलेजची मुलगी मित्राबरोबर रात्री घाटात जाते, सकाळी तिचं प्रेत सापडतं. पहिल्या खर्ड्यात अकरा पानं होती, त्यातली सहा तिच्या घरची: आई रडते, बाप शेजाऱ्यांना तोंड दाखवू शकत नाही, भाऊ तिचा फोन तपासतो, काका म्हणतात आधीच लग्न लावून द्यायला हवं होतं. मित्राचे फक्त दोन प्रसंग, दोन्हींत तो पोलिसांपुढे. वाचून झाल्यावर मी त्याला विचारलं, “तो पण गेला होता ना रे घाटात? मग त्याचा फोन कोण तपासतंय?” तो बराच वेळ पानं उलटत राहिला. मग म्हणाला, “त्याच्या घरचं काहीच नाहीये यात.” तिथेच पेन काढून त्याने शेजाऱ्यांचा प्रसंग खोडला, समासात ‘मुलाची आई’ असं लिहिलं आणि मला म्हणाला, “पण ती काय बोलेल गं? तिला काय विचारतील लोक?” आम्ही दोघं तेवढ्या एका प्रसंगावर कँटीन बंद होईपर्यंत बसलो होतो. तो अजून लिहून झालेला नाही.